'मर्डर' या शब्दाचं मूळ आणि अर्थ सांगताना या चुका टाळा

इंग्रजी शब्दांची मुळं खणून पाहायची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण 'मर्डर' या शब्दाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, फॉरवर्ड होतं, बातम्यांत छापलं जातं, त्यात काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा दिसतात. काही व्युत्पत्तीच्या, काही इतिहासाच्या, काही कायद्याच्या. व्युत्पत्ती चुकली तर फार तर शब्दाचा इतिहास बिघडतो. कायद्याचा शब्द चुकला तर माणसाचं आयुष्य बिघडू शकतं, कारण सदोष मनुष्यवधाच्या आरोपीला एकदा 'खुनाचा आरोपी' म्हणून छापलं की ते पुसलं जात नाही. न्यायालयीन कागदांचा अनुवाद करताना यातल्या दोन चुका माझ्याही हातून झाल्या आहेत. त्या कुठल्या, ते ओघात येईलच.

'संस्कृतातून इंग्रजीत गेला' असं सांगणं

सगळ्यात लोकप्रिय चूक हीच. 'मृत'वरून 'मर्डर' आला, म्हणजे इंग्रजांनी शब्द आपल्याकडून नेला, असं सांगितलं जातं. नातं खरं आहे, पण ते आई-लेकीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप 'मोर्दोर' असं होतं. त्यातला द आपल्या 'दगड'मधला नव्हे. 'फादर' म्हणताना इंग्रज जीभ दातांना घासून जो उच्चार करतात, तो. हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जास्त काळ आहे. इंग्रजांना संस्कृतची ओळखही नव्हती तेव्हापासून. जर्मनमध्ये 'मोर्ड', आइसलँडच्या भाषेत 'मोर्द' अशी त्याची सख्खी भावंडं आहेत. संस्कृतातले मृ, मृत, मृत्यू, मर्त्य आणि लॅटिनमधला 'मॉर्स' (म्हणजे मृत्यू) ही चुलत भावंडं. सगळ्यांचं मूळ एका लिखित पुरावा न उरलेल्या पूर्वज भाषेत, जिला अभ्यासक आदि-भारोपीय म्हणतात. तिथला 'मेर्' हा धातू, अर्थ मरणे.

हा दावा तपासायचा कसा? ध्वनींचा ताळा करून. संस्कृतात जिथे त येतो तिथे इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'थ' किंवा तो घासलेला द येतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, भ्रातृ आणि ब्रदर. 'मृत'मधला त आणि 'मोर्दोर'मधला घासलेला द ही जोडी नेमकी याच रांगेत बसते. उसना घेतलेला शब्द असा शिस्तीत बदलत नाही. 'पंडित'चं इंग्रजीत 'पंडिट' झालं, 'योग'चं 'योगा' झालं, इतकंच.

मग आजच्या उच्चारातला ड कुठून आला? सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत 'मर्दर' आणि 'मर्डर' ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. नॉर्मन फ्रेंच आणि दरबारी लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांना तो घासलेला द परका, म्हणून त्यांच्या कागदांत 'मुर्ड्रम' असं रूप चालायचं. त्याच्या वजनाने ड जिंकला. 'फादर' आणि 'मदर' यांचं बरोबर उलट झालं: जुन्या इंग्रजीत तिथे ड होता, पुढे घासलेला द आला.

मला या धातूचं खरं नवल वाटतं ते मराठीत. आपल्याकडे तो तीन वेगवेगळ्या दारांनी आला आहे. 'मरण' आणि 'मरणे' संस्कृत-प्राकृताच्या वाटेने. 'मुडदा' फारसी 'मुर्दा'वरून. आणि 'मर्डर' इंग्रजीतून. चौथा शब्द तर कुणाच्या ध्यानातही येत नाही: 'मर्द'. प्राचीन फारसीत 'मर्तिय' म्हणजे मर्त्य, ज्याला मरण आहे तो, म्हणून माणूस. त्याचाच पुढे 'मर्द' झाला. आपण मर्दुमकी म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या तळाशी मरण आहे. 'संस्कृतातून चोरला' या एका वाक्यात ही सगळी गंमत हातची जाते.

'मर' किंवा 'मॉर' ऐकू आलं की नातं जोडणं

याच्या उलट टोकाची चूक. महिषासुरमर्दिनीतल्या 'मर्दन'चा 'मर्डर'शी संबंध जोडलेला मी अनेकदा वाचला आहे. मर्दनाचा धातू मृद्, म्हणजे चिरडणे, रगडणे. अंगाला तेल लावून करतात तेही मर्दनच. मृ, म्हणजे मरणे, हा वेगळा धातू.

'मार्टर' या शब्दात मरण आहे, पण ते अर्थात, मुळात नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साक्षीदार, आणि अरबी 'शहीद'चाही मूळ अर्थ साक्ष देणारा असाच आहे. मराठीने 'हुतात्मा' म्हणताना आहुतीची स्वतंत्र कल्पना निवडली. 'मॉर्च्युरी' मात्र 'मॉर्स'च्या कुळातली. 'मॉर्गेज'ही, त्याचा शब्दशः अर्थ 'मेलेलं तारण'.

'होमिसाइड'मधला 'होमो' हा लॅटिन, अर्थ माणूस. 'होमोजीनियस'मधला 'होमो' ग्रीक, अर्थ समान. दोघांना एक समजू नका. शेवटचा 'साइड' लॅटिनमधल्या कापणे, ठार मारणे या क्रियापदावरून आला. तो अजूनही नवे शब्द घडवतो: राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश आणि हा 'साइड' जोडून 'जेनोसाइड' घडवला.

पूर्वीही त्याचा अर्थ आजचाच होता असं धरून चालणं

इथे जरा थांबायला हवं, कारण या शब्दाचं खरं चरित्र इथे आहे.

उत्तर युरोपातल्या जुन्या जर्मानिक समाजांत माणूस मारला जाणं हा मुळात दोन कुळांमधला व्यवहार होता. मारणाऱ्याने मेलेल्याच्या नातलगांना त्याच्या दर्जाप्रमाणे भरपाई द्यायची. इंग्लंडात या रकमेला 'वेरगिल्ड' म्हणत, म्हणजे माणसाचं मोल. हा व्यवहार व्हायचा तर कुणी मारलं हे माहीत हवं. म्हणून नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, कायद्यात मारणाऱ्यावर बंधन होतं की त्याने लगोलग जवळच्या घरी जाऊन आपण केलेलं स्वतःच्या तोंडाने सांगावं. जो सांगत नाही, प्रेत लपवतो, त्याचं कृत्य 'मोर्द'. म्हणजे भेद मारण्याच्या हेतूत नव्हता, लपवण्यात होता. उघड मारलेलं भरून देता येई; चोरून मारलेलं ही नीचता. जुन्या इंग्रजीत तर 'मोर्दोर'ला महापाप आणि यातना असेही अर्थ होते.

मग १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. मूठभर नॉर्मन आणि भोवती चिडलेली प्रजा. आडवाटेला नॉर्मन माणूस मरून पडलेला सापडायचा आणि मारेकऱ्याचा पत्ता कुणीच सांगत नसे. विल्यमने गावकऱ्यांच्या या मौनावरच दंड बसवला. मारेकरी पाच दिवसांत हजर केला नाही तर तिथल्या जमीनदाराने ४६ मार्क चांदी भरायची; त्याचं सगळं विकूनही कमी पडली तर उरलेली त्या 'हंड्रेड'ने भरायची. हंड्रेड म्हणजे गावांचा समूह, आपल्या परगण्यासारखा. या दंडाचं नाव 'मुर्ड्रम'.

म्हणून त्या काळच्या इंग्रजी दप्तरात एखाद्या परगण्याने 'मुर्ड्रम भरलं' असं वाचलं तर तिथे खुनाची शिक्षा झाली असं समजू नका. ती सामूहिक दंडाची पावती आहे. आणि दंडातून सुटायचं तर गावाने मेलेला माणूस इंग्रज होता, नॉर्मन नव्हता, हे सिद्ध करायचं! नातलगांना उभं करून वंश सांगायचा. म्हणजे इंग्रज मेला तर हा दंड नाही. जिंकलेल्यांचं रक्त आणि जिंकणाऱ्यांचं रक्त यांचा भाव कायद्यातच वेगळा होता. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुमारे शंभर वर्षांनी, राजाच्या खजिन्याचे अधिकारी लिहून ठेवतात की दोन्हीकडच्या सोयरिकी इतक्या झाल्या आहेत की स्वतंत्र माणसांत कोण इंग्रज आणि कोण नॉर्मन हे ओळखणं अवघड. तरी दंड चालूच राहिला, कारण खजिन्यात पैसा येत होता. तो रद्द झाला १३४० मध्ये, तिसऱ्या एडवर्डच्या काळात.

दंड गेला आणि शब्द मोकळा झाला. पुढच्या पन्नास वर्षांत तो सर्वांत वाईट प्रकारच्या मनुष्यहत्येला चिकटला. १३९० च्या एका कायद्याने ठरवलं की राजाने माफी देताना गुन्हा 'मर्डर'चा किंवा दबा धरून, हल्ला करून, मनात धरून केलेल्या हत्येचा असेल तर माफीच्या कागदात तसा स्पष्ट उल्लेख हवा.

'मॅनस्लॉटर', म्हणजे 'मर्डर'हून सौम्य धरली जाणारी मनुष्यहत्या, वेगळा कसा झाला, हेही इथेच सांगतो. त्या काळी वाचता येणाऱ्या आरोपीला पाद्र्यांची सवलत मिळे: बायबलमधलं एक कडवं न्यायाधीशासमोर वाचून दाखवलं की फाशी टळायची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ठरलं की ही सवलत एकदाच, आणि पुन्हा मागता येऊ नये म्हणून खुन्याच्या अंगठ्यावर 'एम' हे अक्षर डागायचं. सोळाव्या शतकात तर आधी मनात धरून केलेल्या हत्येला ही सवलतच बंद झाली. ज्यांना ती चालू राहिली ते 'मॅनस्लॉटर'. आज इंग्रजी कायद्यात आपण ज्याला सूक्ष्म भेद म्हणतो, तो फाशी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, या व्यावहारिक प्रश्नातून पडलेला आहे.

'मॅलिस अफोरथॉट'चा शब्दशः अनुवाद करणं

ही माझी पहिली चूक. या संज्ञेसाठी मी 'पूर्वनियोजित द्वेष' असं लिहिलं होतं. तो सगळा परिच्छेद त्यामुळे चुकला.

इंग्लंडच्या कायद्यात 'मर्डर' व्हायला या दोन शब्दांनी सांगितलेली मनःस्थिती लागते, पण आज त्यात ना द्वेष लागतो ना आधीचा विचार. ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू असला की पुरे, आणि तो क्षणापूर्वी जन्मला तरी चालतो. असह्य वेदनेत असलेल्या आईची सुटका म्हणून मुलाने प्रेमाने तिचा जीव घेतला तरी इंग्लंडमध्ये ते याच व्याख्येत बसतं. शब्द चौदाव्या-पंधराव्या शतकाचे राहिले, अर्थ पुढे सरकला. अनुवादात 'खुनास आवश्यक असलेला हेतू' असं सरळ लिहा.

जुन्या इंग्रजी खटल्यांची वर्णनं वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इजा झाल्यापासून एक वर्ष आणि एक दिवस उलटल्यावर मृत्यू झाला तर तो खून धरायचा नाही, असा तिथे नियम होता. तो १९९६ मध्ये रद्द झाला.

खून, मनुष्यवध आणि सदोष मनुष्यवध एकच समजणं

ही माझी दुसरी चूक. 'होमिसाइड'साठी मी सरसकट 'खून' लिहीत होतो. होमिसाइड म्हणजे माणसाने माणसाचा जीव घेणं, एवढंच. स्वसंरक्षणात झालेली हत्याही त्यात येते आणि ती गुन्हा असेलच असं नाही. मराठीत त्याला 'मनुष्यवध' हा चांगला शब्द आहे. त्यातला जो गुन्हा ठरतो त्यातला एक मोठा भाग 'सदोष मनुष्यवध', आणि त्याच्याही आतलं सर्वांत गंभीर वर्तुळ 'खून'. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो. प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम २९९ मध्ये आणि खुनाची ३०० मध्ये होती. शिक्षा अनुक्रमे ३०४ आणि ३०२ मध्ये. '३०२ लागलं' हे आपल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे की आजही नव्या घटनांच्या बातम्यांत ते येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या दिवसापासूनच्या घटनांना खुनाच्या शिक्षेसाठी कलम १०३, सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेसाठी १०५ आणि हयगयीने झालेल्या मृत्यूसाठी १०६. त्याआधीच्या घटनांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात. म्हणून निकालाच्या बातमीत कलम बदलण्याआधी घटनेची तारीख पाहा.

हा भेद कागदी वाटत असेल तर मुंबईतला नानावटी खटला आठवा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कवास नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजा यांना, गोळ्या घालून मारलं. गोळ्या कुणी झाडल्या याबद्दल वादच नव्हता. झटापटीत गोळ्या सुटल्या, हे बचावाचं मुख्य म्हणणं. पण अपिलात हाही प्रश्न आला की गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे हा खून न राहता सदोष मनुष्यवध ठरतो का. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, मुंबई उच्च न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कारण वेळ. दुपारी दीडला ते घराबाहेर पडले होते, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या वेळात बायकोमुलांना सिनेमागृहात सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. राग निवायला एवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. 'खून' की 'सदोष मनुष्यवध' हे त्या तीन तासांवर ठरलं.

'फर्स्ट डिग्री मर्डर' ही तर आपल्याकडची संज्ञाच नाही. ती अमेरिकेतली; पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये खुनाच्या श्रेणी पाडल्या, कोणत्या खुनाला फाशी हे ठरवण्यासाठी. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या खटल्याला ती लावू नका.

मराठीतले शब्द एकमेकांच्या जागी वापरणं

खून, हत्या, वध, घात, कत्तल. 'मर्डर'साठी मराठीत इतके शब्द आहेत म्हणून पुनरुक्ती टाळायला ते आलटून-पालटून वापरले जातात. तसं करू नका, प्रत्येकाचा सूर वेगळा आहे.

'कत्तल'मध्ये संख्या आहे. 'घात'मध्ये विश्वास मोडल्याची वेदना आहे. 'हत्या'मध्ये पाप आहे: ब्रह्महत्या, भ्रूणहत्या. कायद्याच्या 'मनुष्यवध'मध्ये 'वध' तटस्थ आहे, पण एरवीच्या मराठीत तो शब्द मारणाऱ्याची बाजू घेतो. कंसवध, कीचकवध, अफजलखानाचा वध. मारला गेलेला मरायलाच हवा होता, असं तो शब्द सांगून जातो. म्हणूनच ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला काही जण 'गांधीवध' म्हणतात ते मला खुपतं. न्यायालयात तो खून म्हणून सिद्ध झाला. गांधीजींची हत्या किंवा गांधीजींचा खून, एवढंच लिहावं.

'असॅसिनेशन'साठी 'हत्या' योग्य. त्या शब्दाचं मूळ सांगताना मात्र हशीश पिऊन धुंद झालेल्या मारेकऱ्यांची गोष्ट खरी म्हणून सांगू नका. इराण आणि सीरियातल्या निझारी इस्माइली पंथीयांना त्यांच्या विरोधकांनी तुच्छतेने 'हशीशी' म्हटलं, तिथून युरोपात शब्द गेला. ते नशेत खून करत याचा पुरावा नाही.

खून, खुन आणि खूण

लहानशी, पण रोजची चूक. 'खून' दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: खुनाचा, खुनी. 'खूण' म्हणजे चिन्ह, आणि ती स्त्रीलिंगी: 'खुनाची खूण'. मोबाइलचा कीबोर्ड इथे हमखास दगा देतो.

'खून' फारसी, अर्थ रक्त. हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे, मराठीत उरला नाही. म्हणून हिंदीवरून अनुवाद करताना 'खून का रिश्ता' म्हणजे रक्ताचं नातं, आणि 'खून-पसीने की कमाई' म्हणजे रक्ताचं पाणी करून मिळवलेला पैसा.

वाक्प्रचारांत 'मर्डर'चा खून करणं

'मर्डर ऑफ क्रोज' म्हणजे कावळ्यांचा थवा. पंधराव्या शतकातल्या इंग्रजी शिकाऱ्यांच्या यादीतलं हे समूहनाम आहे, तिथे कुणाचा जीव जात नाही. 'द ट्रॅफिक वॉज मर्डर' म्हणजे वाहतुकीने जीव मेटाकुटीला आला. 'ही गेट्स अवे विथ मर्डर' याला तर आपल्याकडे तयार जोडी आहे: त्याला सात खून माफ.

आणि 'मर्डर विल आउट'. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यातही ही म्हण सापडते. 'मर्डर'चा तो सगळ्यात जुना अर्थ, लपवलेली हत्या, या एका वाक्यात अजून शाबूत आहे. लपवलेलं असतं म्हणूनच ते बाहेर यायचं असतं. याचा अनुवाद 'खून बाहेर येईल' असा केलेला मी पाहिला आहे. तसा करू नका. मराठीत त्यासाठी शतकानुशतकांच्या वापरातलं वाटावं इतकं नेमकं वाक्य आहे: खुनाला वाचा फुटते.